गावच्या घरासाठी वायफाय फोटो फ्रेम: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर काय करायचं

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीकडून चढण चढून वर आलं की सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, अलीकडे. गणपतीत तिथे झोपायला जागा नसते आणि विसर्जनानंतर चार दिवसांत दोनच माणसं उरतात: आजी आणि काकी. आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे तो काकीच्या फोनवर, आणि काकी बागेत गेली की फोनही बागेत. आजीने पतवंडांचे फोटो बघायचे ते संध्याकाळी, काकीला सवड झाली तर, तळहाताएवढ्या पडद्यावर. त्यातही बोट चुकून लागलं की फोटो गायब आणि भलतंच काहीतरी उघडलेलं. म्हणून फ्रेम घ्यायचं ठरलं. वायफायला जोडलेली चौकट. ठाण्याहून, पुण्याहून, दोह्याहून कुणीही ॲपमधून फोटो पाठवायचा आणि तो आजीसमोर आपोआप यायचा. बघणाऱ्याने काहीच दाबायचं नाही, हीच तिची खरी किंमत.

पहिली फ्रेम साफ चुकली. ती मी पडद्याची चमक आणि स्वस्ताई बघून घेतली होती. दुसरी टिकली, कारण या वेळी आधी घर बघितलं. दुकानदार पिक्सेल मोजून दाखवतो. कोकणातल्या घरात फ्रेम चालणार की नाही हे वीज, भिंत आणि ओल ठरवतात. त्यामुळे खालचा क्रम जाहिरातीत असतो त्याच्या उलटा आहे.

आधी जागा, मग फ्रेम

फ्रेम जिथे ठेवणार त्या जागी फोन घेऊन उभं राहा, मोबाइल डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवरून पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करा. राउटर ओटीवर आणि आजीची खाट माजघरात, मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, अशी रचना असेल तर अडखळणारा चेहरा तिथेच दिसेल. पावसाळ्यात ती भिंत पाणी पिते आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. मे महिन्यात काठावर पास झालेली जागा जुलैत नापास होऊ शकते. शिवाय फ्रेमचा अँटेना फोनपेक्षा सहसा कच्चा असतो. फोनला जेमतेम रेंज मिळत असेल तर फ्रेमला मिळणार नाही असंच धरून चाला.

बहुतेक फ्रेम फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, 5 वर नाही. आपल्यासाठी ते बरंच आहे, कारण भिंतीतून 2.4 जास्त लांब जातं. पण नव्या राउटरवर दोन्ही बँड एकाच नावाखाली असतात आणि जोडताना कधीकधी घोळ होतो. फ्रेम जोडलीच जात नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 ला वेगळं नाव द्या. सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए3 असेल तर तो डब्ल्यूपीए2 आणि 3 मिश्र करा. जुन्या धाटणीच्या फ्रेमना नुसतं 3 कळत नाही.

घरात फायबर नाही, फक्त मोबाइल आहे, असं असेल तर? हॉटस्पॉटवर फ्रेम चालते. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा बँड 2.4 करावा लागतो. आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू करावा लागतो. डेटाही फार खर्च होत नाही. अडचण एवढीच की फोन घराबाहेर गेला की फ्रेम एकटी पडते. ते चालेल की नाही, हे पुढच्या प्रश्नावर ठरतं.

फोटो राहतात कुठे?

सगळ्यात आधी हा प्रश्न विचारा. दुकानदाराला उत्तर येत नसेल तर खोक्यावर आणि कंपनीच्या माहितीत शोधा.

एका जातीच्या फ्रेममध्ये पाठवलेला फोटो तिच्या पोटात येऊन साठतो. इंटरनेट गेलं तरी जुने फोटो फिरत राहतात, फक्त नवे यायचे थांबतात. ‘फ्रेमिओ’ हे ॲप वापरणाऱ्या फ्रेम या जातीच्या. हे ॲप एका कंपनीचं, पण त्यावर चालणाऱ्या फ्रेम अनेक कंपन्या बनवतात. दुसऱ्या जातीत फोटो कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि फ्रेम ते तिथून ओढते. ‘ऑरा’ तशी. तिचा पडदा देखणा आणि ॲप सोपं, पण सगळा भरवसा इंटरनेटवर.

शहरातल्या फ्लॅटसाठी मी दुसरी जात बिनदिक्कत सुचवीन. कोकणातल्या गावासाठी पहिलीच घ्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा उत्तर कोकणातल्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस नव्हते. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. वादळ सोडा, एक फणस तारेवर पडला तरी दोन दिवसांची निश्चिंती.

सर्व्हरवाल्या सोयीला दुसरीही एक खोट आहे: नियम त्यांचे, आणि ते बदलतात. 2025 मध्ये ‘निक्सप्ले’ या फ्रेमच्या कंपनीने फुकट साठवण 10 जीबीवरून 500 एमबीवर आणली. त्याच वर्षी 31 मार्चपासून गूगल फोटोजनेही बाहेरच्या ॲपना आपल्या लायब्ररीत मोकळं फिरणं बंद केलं. ‘गूगलचा अल्बम आपोआप फ्रेमवर’ ही जी सोय अनेक फ्रेम मिरवत होत्या ती त्यामुळे लंगडी झाली. आता फोटो हाताने निवडून द्यावे लागतात. खोक्यावर जुनी जाहिरात तशीच छापलेली असू शकते, तिला भुलू नका.

पोटात किती जागा हवी? 16 जीबी पुष्कळ झाली. ॲप पाठवतानाच फोटो लहान करतं, त्यामुळे हजारो फोटो मावतात. त्याऐवजी मेमरी कार्डची किंवा पेनड्राइव्हची खाच आहे ना, ते बघा. ज्या वाडीत रेंज फक्त सड्यावर येते, तिथे महिन्यातून एकदा मुंबईहून येणाऱ्याने कार्ड आणून लावलं तरी फ्रेम ताजी राहते. कार्ड 32 जीबीपर्यंतचं आणि फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर सहसा कटकट होत नाही. आयफोनचे फोटो मूळ स्वरूपात, म्हणजे एचईआयसी प्रकारात कार्डावर टाकलेत तर बऱ्याच फ्रेमना ते दिसतच नाहीत. आधी जेपीजी करून घ्या. ॲपमधून पाठवताना ही भानगड नसते.

वीज जाऊन आल्यावर

माझी पहिली फ्रेम इथे आपटली. वीज गेली की ती बंद पडायची, ते ठीकच. पण वीज आली तरी मागचं बटण दाबल्याशिवाय ती उठत नसे. आजीला बटण सापडेना, काकीला वेळ होईना. पावसाळ्याचे तीन महिने ती फ्रेम काळा आरसा होऊन बसली होती. आजी त्यात बघून पदर नीट करायची, एवढाच उपयोग.

त्यामुळे फ्रेम हातात पडली की, परत करायची मुदत संपायच्या आत, या तीन परीक्षा घ्या.

एक. चालू फ्रेमची पिन भिंतीतून उपटा, दहा मिनिटांनी लावा. कुठेही हात न लावता फोटो फिरायला लागले पाहिजेत.

दोन. राउटर आणि फ्रेम दोन्ही बंद करा. आधी फ्रेम चालू करा, पाच मिनिटांनी राउटर. वीज आली की गावात नेमकं हेच घडतं: फ्रेम आधी जागी होते, राउटर सावकाश. काही फ्रेम एकदा वायफाय शोधून, न मिळाल्यास कायमचा नाद सोडतात. चांगली फ्रेम थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बघत राहते.

तीन. राउटर बंदच ठेवा आणि फ्रेम उपटून पुन्हा लावा. आता तिचं घड्याळ बघा. इंटरनेटवरून वेळ घेणाऱ्या फ्रेमचं घड्याळ अशा वेळी भरकटू शकतं. तुम्ही ‘रात्री दहा ते सकाळी सहा झोप’ असं लावलेलं असेल तर ती भर दुपारी झोपते आणि मध्यरात्री माजघर उजळून टाकते. तुमची फ्रेम असं करत असेल तर झोपेचं वेळापत्रक बंद ठेवा. खर्चाची काळजी नको: 10 वॅट धरले आणि फ्रेम दिवसाचे 12 तास चालली तर महिन्याला 3.6 युनिट होतात.

राउटरसाठी मिळणारा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मात्र जरूर घ्या. फ्रेमसाठी नव्हे, वीज गेल्यावर काकीला वायफायवरून फोन लागावा म्हणून. फ्रेम त्यावर चालली नाही तरी बिघडत नाही. विजा कडकडायला लागल्या की टीव्हीची पिन काढतात तशी हिचीही काढायची, हे घरात सांगून ठेवा. अडॅप्टरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण हवी. आखातातून किंवा अमेरिकेतून कुणी फ्रेम आणत असेल तर अडॅप्टरवर ‘100–240 व्होल्ट’ असं छापलेलं आहे ना, हे त्याला तिथेच वाचायला लावा.

पडदा

8 इंची फ्रेम हातात घेऊन बघायला ठीक, भिंतीवरून बघायला लहान. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी 10.1 इंचांच्या खाली जाऊ नका. 15 इंची सुंदर दिसते, पण ती ठेवायला जागाही तशीच लागते.

1024×600 पिक्सेलचा पडदा टाळा. 1280×800 हे चालण्याजोगं किमान, 1920×1200 मिळालं तर उत्तम. पॅनल आयपीएस हवं, म्हणजे तिरकं बघितलं तरी रंग न बिघडणारं. हे नुसतं तीन अक्षरांचं खूळ नाही. आजी बसते पाटावर, फ्रेम असते कपाटावर. साध्या पॅनलकडे खालून बघितलं की चेहरे काळवंडतात. दुकानात खाली वाकून बघा. लोक हसतील, हसू दे. पडद्याची काच चकचकीत असेल तर समोरच्या दाराचा उजेड त्यात दिसतो, म्हणून झिलई नसलेला पडदा बरा.

आकाराबद्दल कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी. फोन उभा धरून काढलेला फोटो आडव्या 16:10 फ्रेमवर पूर्ण दाखवला तर निम्म्याहून कमी पडदा वापरला जातो. बाकी दोन्ही बाजूंना काळं किंवा धूसर. ‘पडदा भरा’ हा पर्याय लावला की फोटो कापला जातो, आणि कापली जातात ती नेमकी डोकी. यावर तोड सोपी आहे: आपल्या घरचे फोटो चाळा. आमच्याकडे दहातले आठ उभे निघाले, म्हणून फ्रेमच उभी ठेवली. उभी-आडवी दोन्ही राहू शकेल असा स्टँड असणारीच फ्रेम घ्या.

टचस्क्रीन? मांडणी करताना सोयीची, नंतर नसती तरी चाललं असतं. स्पीकर, हवामान, कॅलेंडर यांवर जादा पैसे घालू नका. पाऊस कधी येणार हे आजी फ्रेमच्या आधी सांगते.

कोण पाठवणार, कोण नाही

फ्रेमवर कोड निघतो, तो ज्याला दिला तोच फोटो पाठवू शकतो, अशी पद्धत असेल तर निवांत. कोड फॅमिली ग्रुपवर टाकू नका. ज्याचा त्याला वेगळा द्या. आमच्याकडे एका मामेभावाने सुप्रभातच्या गुलाबांचा रतीब सुरू केला होता, त्याला यादीतून काढावं लागलं. नाव सांगत नाही, त्याला कळेल. ॲप फुकट आहे का, एका वेळी किती फोटो जातात, व्हिडिओला वर्गणी लागते का, हेही आधी बघा. आजीसाठी व्हिडिओ बंदच ठेवावेत असं माझं मत आहे. सुनसान दुपारी कपाटावरून अचानक कुणी हाक मारली तर माणूस दचकतो.

सुरक्षेबद्दल एकच पण गंभीर गोष्ट. फ्रेम म्हणजे आतून सहसा अँड्रॉइडचा टॅब्लेटच, आणि बिननावाच्या स्वस्त फ्रेममध्ये तो फार जुना असतो. नोव्हेंबर 2025 मध्ये सुरक्षा संशोधकांनी ‘उहेल’ या ॲपवर चालणाऱ्या काही फ्रेम तपासल्या, तेव्हा त्यांतल्या काही चालू होताच स्वतःहून घातक सॉफ्टवेअर उतरवून घेताना आढळल्या. तेव्हा ॲपचं नाव आधी विचारा, त्याला सुधारणा येत राहतात का बघा, आणि राउटरवर ‘गेस्ट’ नेटवर्कची सोय असेल तर फ्रेम तिथे जोडा.

आपल्या घरी तयार करा, मग गावाला न्या

फ्रेम खोक्यातून थेट गावात उघडणं ही दुसरी मोठी चूक. गाडीतून उतरल्यावर आंघोळ, जेवण, भेटीगाठी, आणि परतीच्या आदल्या रात्री अकरा वाजता पासवर्ड सापडत नाही. त्यापेक्षा असं करा.

काकीकडून गावच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मागवा. राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरचा फोटो मागवणं उत्तम, कारण ओ आणि शून्य यांत घोळ होतो. आता तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला अगदी तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. लहान-मोठी अक्षरंसुद्धा जशीच्या तशी. सुरक्षा डब्ल्यूपीए2, बँड 2.4. फ्रेम या हॉटस्पॉटला जोडा. गावात पिन लावली की तिला आपलं ओळखीचं नाव दिसतं आणि ती सहसा आपसूक जोडली जाते. गणपतीला जाणाऱ्या कुणाच्याही पिशवीत घालून फ्रेम पाठवता येते, आपण गेलंच पाहिजे असं नाही.

हॉटस्पॉटवर असतानाच सॉफ्टवेअरची सुधारणा उतरवून घ्या. ती मोठी असू शकते आणि गावातलं नेट तिच्यासाठी नाही. वेळ भारतीय आहे का बघा. सगळ्यांचे कोड वाटा. शंभरेक फोटो आधीच भरा, म्हणजे गावात नेट नसलं तरी पहिल्या दिवशी फ्रेम रिकामी दिसणार नाही. मग वरच्या तीन परीक्षा आणखी एकदा.

फोटो किती वेळ थांबावा? कारखान्यातून फ्रेम काही सेकंदांवर लावलेली येते. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, “बघेस्तवर गेला गो तो!” आम्ही दोन मिनिटं केली. आता ती एकेका फोटोशी बोलते, कुणाचं पोर वाळलंय, कुणी केस कापले, याचा हिशेब लावते, आणि मग पुढचा येतो.

कुठे ठेवायची

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर नाही. पावसाचा सगळा मारा तिथे आणि आतून पोपडे सुटतात. पडवीतही नको, खारा वारा पिन आणि खाचा गंजवतो. माजघरातली आतली भिंत किंवा कपाटाचा माथा, भिंतीपासून चार बोटं पुढे, म्हणजे मागून हवा खेळते. चुलीच्या किंवा देवघराच्या धुराच्या वाटेत ठेवू नका.

आणि पाली. फ्रेमच्या पाठीला ऊब असते, पालीला तेच हवं असतं. भिंतीला चिकटवून टांगलेल्या फ्रेममागे ती बिऱ्हाड करते आणि फटीतून आत शिरली तर बोर्ड जळू शकतो. महिन्याने एकदा पाठ कोरड्या कापडाने पुसायची. पावसाळ्यात घर बंद राहणार असेल तर फ्रेम घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पांना यातलं काही करावं लागत नाही, पण त्यांत नवा फोटोही घालता येत नाही.

कोणते फोटो

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो फ्रेमसाठी पुरतो का, हे सगळे विचारतात. पुरतो. साध्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेल असते, 1280×800 पडद्याला ती जास्तच होते. फक्त अशा फोटोतली काढल्याची तारीख गळून पडते, त्यामुळे तारखेप्रमाणे क्रम लावू नका, मिसळून लावा. पाठवताना फोटोवर एक ओळ लिहायची सोय असेल तर मराठीत लिहा: कोण, कुठे, कशाला. ‘समीक्षाच्या शाळेत, स्नेहसंमेलन’ एवढं पुरे.

जुने फोटोही घाला. ट्रंकेतले अल्बम वाळवीच्या आधी आपण गाठलेले बरे. सकाळच्या उजेडात ओटीवर ठेवून, थेट ऊन न पडू देता, फोनच्या स्कॅन ॲपने टिपा. दमटपणाने काचेला किंवा चिकट पानाला धरलेला फोटो ओढून काढू नका. आहे तसाच टिपा.

गेलेल्या माणसांचे फोटो घालायचे की नाही, हे बघणाऱ्याला विचारूनच ठरवा. आमच्याकडे भिंतीवरच्या आजोबांना हार असतो. फ्रेममधले आजोबा होडीत बसून विडी ओढत असतात आणि लगेच पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. मला ते विचित्र वाटलं होतं. आजीने काढू दिला नाही.

फ्रेम घेऊच नये ती घरं

घरात गूगल टीव्ही असेल आणि तो दिवसभर चालू राहत असेल तर त्याच्या विश्रांतीच्या पडद्यावर (स्क्रीनसेव्हरवर) अल्बम लावता येतो. आधी तो करून बघा. पडून असलेला जुना टॅब्लेट वापरण्याचा मोह होतो. पण कायम चार्जिंगवर ठेवलेली जुनी बॅटरी फुगू शकते, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात तर तो धोका नकोच.

शेवटची पायरी कागदाची. ‘फ्रेम बंद पडली तर’ असं मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, गॅसच्या नंबराशेजारी. आमच्या कागदावर चारच ओळी आहेत. पंखा चालतो का बघा. राउटरचा हिरवा दिवा बघा. फ्रेमची पिन काढून शंभर आकडे मोजा आणि परत लावा. तरी नाही झालं तर मला फोन करा, रात्री आठनंतर. चौथ्या ओळीखाली काकीने पेनाने लिहिलंय: पाल बघा.